कुंदाची घाई

चौतीस वर्षं मी धुळ्यात शाळेतल्या पोरांकडून समूहगीतं बसवून घेतली. पन्नास पोरं एकाच वेळी श्वास घेतील अशी माझी शिस्त. त्या शिस्तीला एकच माणूस पुरून उरलं, माझी बायको, आमच्या कुंदाबाई.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंपळनेरच्या आमच्या गल्लीत कडुलिंबाला झोका बांधतात आणि बायका दोन बाजू करून गातात. एका बाजूची ओळ संपली की झोक्यावरच्या बाईनं पुढची घ्यायची. कुंदा मात्र ओळ संपायच्या आतच आपली सुरू करायची. दरवर्षी! मी ओट्यावरून ओरडायचो, "अगं, थांब की जरा! कुठली गाडी सुटतेय?" ती हसायची आणि पुन्हा तेच. एका आखाजीला पाहुण्यांसमोर मी तिला फार लागेल असं बोललो. त्यानंतर मी ओट्यावर असलो की ती नुसत्या टाळ्या वाजवायची. शेवटची सहा वर्षं मी तिचं गाणं ऐकलंच नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. तिची ही पहिलीच. त्या दिवशी बायकांनी गावं म्हणून मी तिच्यावर गाणं रचलं, चाल बांधली. तिला द्यायचं एवढंच राहिलं होतं आणि ते बिनचूक व्हायला हवं होतं.

पण तालमीत सगळ्याजणी दुसऱ्या ओळीला हटकून घाई करत. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी पेटी आपटून बंद केली.

"कुंदानं बिघडवलंय तुम्हाला!"

तिच्याबरोबर जन्मभर झोके घेतलेल्या बेबाबाई उठल्या.

"नाना, तुम्ही कधी झोकावर बठनात का?"

"मी कशाला बसू?"

"मंग आज बठा. तुम्हनी पेटी भुईवर बठेल शे, आमनं गानं झोकावर शे."

सत्तरी उलटलेला मी, धोतर सावरत बसलो. दोघींनी झोका दिला, समोरच्यांनी ओळ घेतली. झोका वर गेला, मागे फिरला, आणि छातीत आपोआप श्वास भरला. समोरची ओळ अजून संपायची होती. माझ्या तोंडून दुसरी निघालीसुद्धा.

"कुंदी चुकनी नही, नाना," बेबाबाई म्हणाल्या.

मी खाली उतरलो नाही. सगळ्यांसमोर रडू नये म्हणून बसून राहिलो आणि तिथंच रडलो. सहा वर्षं मी तिचं गाणं बंद केलं होतं, आणि चूक माझी होती.

आखाजीला सकाळी घागर भरली. पेटी घरातच ठेवली. बायकांनी सुरू केलं, "लिंबले झोका बांधा वं माय..." ओळ संपायच्या आत मी झोक्यावरून पुढची, कुंदा आल्याची, घेतली, "कुंदा उनी वं माय, आखाजीले उनी!"

मला कुणी थांब म्हणालं नाही.