एक होकार बाकी आहे

कंपायलर बोलतोय मी. नाव अवघड वाटलं तर दुभाषा म्हणा, चालेल. माणसाने लिहिलेलं वाचायचं आणि यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवून द्यायचं, एवढंच माझं काम. माझी भाषा अगदी छोटी आहे, तिचं नाव 'टाका', विणीतला टाका असतो तोच. विणाईच्या जुन्या यंत्रांना स्वेटर, मोजे, टोप्या कशा विणायच्या हे सांगण्यापुरतीच ती आहे. 'तीस सुया उजवीकडे, दोन टाके उचल, परत फिर' अशी तिची वाक्यं.

ही यंत्रं बनवणारी कंपनी बंद पडली. तिचा स्वतःचा कंपायलर होता, पण आत काय लिहिलंय ते कुणाला बघता येत नव्हतं, म्हणून तो बिघडला तेव्हा दुरुस्तही करता येईना. यंत्रं मात्र ठणठणीत होती. ती दुरुस्त करत फिरणाऱ्या एका मेकॅनिककाकांना हे बघवलं नाही. रोज सकाळी कामावर निघण्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी मला लिहायला घेतलं.

"टेबल सोडा, मला भाजी चिरायचीय," काकू म्हणायच्या.

"चीर की कोपऱ्यात. मी काय भाजीत हात घालतोय?"

पुरा झाल्यावर काकांनी मला इंटरनेटवर उघडं ठेवलं. कुणीही वाचा, वापरा, चूक दिसली तर सुधारून पाठवा. हळूहळू अकरा माणसं जमली. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या चर्चेच्या पानावर त्यांची रोज गाठ पडायची. त्यात एका बँकेत काम करणारा प्रोग्रॅमर होता, त्याला सगळे चष्मीश म्हणत. आणि एक ताई होत्या. तीन यंत्रांचा छोटा कारखाना चालवायच्या, शाळांचे स्वेटर विणायच्या.

चष्मीशने एकदा माझी मोजणी 'नीट' केली. प्रोग्रॅमर शून्यापासून मोजतात, यंत्रावरच्या सुयांचे आकडे एकपासून सुरू होतात. सगळ्यांनी स्क्रीनवर वाचून छान म्हटलं. यंत्रावर लावून कुणीच बघितलं नाही. ताईंच्या कारखान्यात चाळीस स्वेटर विणून झाले आणि प्रत्येकाच्या डाव्या कडेची एक सुई रिकामी राहिली. पहिल्याच धुण्यात कडा उसवल्या.

ताईंनी फोटो टाकून खाली लिहिलं, "चष्मीश, तुझ्या शून्यात माझे चाळीस स्वेटर गेले."

"ताई, चुकलो. उसवायला मदतीला येऊ का?"

"तू कशाला? ते आपले आपणच उसवतायत."

काकांना यात हसू आलं नाही. त्यांनी नियम केला. कुठलाही बदल माझ्यात घ्यायचा तर लिहिणारा सोडून दोघांचा होकार हवा. आणि त्या दोघांनी आपापल्या यंत्रावर तळहाताएवढा नमुना विणून, हातांनी ताणून बघितलेला हवा. दोन होकार नोंदल्याशिवाय उघडणारच नाही असं कुलूप त्यांनी माझ्या दाराला लावलं. नियम बदलायचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवला. माणसं तेव्हा अकरा होती. हे पुढे कधी अडेल असं कुणाच्याही मनात आलं नाही.

मग माणसं कमी होत गेली. कुणाला दुसरी नोकरी लागली, कुणाला जुळं झालं, कुणी यंत्र भंगारात दिलं. भांडून कुणीच गेलं नाही. "पुढच्या आठवड्यात बघतो" असं लिहून गेले, आणि तो आठवडा आला नाही. शेवटी काका, ताई आणि चष्मीश एवढेच उरले.

एक दिवस काकांच्या नावाखाली एक मजकूर आला. तो काकूंनी लिहिला होता. "हे मंगळवारी सकाळी गेले. तुम्हा दोघांबद्दल घरात नेहमी बोलायचे."

त्याच महिन्यात ताईंचा कॉम्प्युटर बंद पडला आणि नव्या कॉम्प्युटरवर मी चालेना. चष्मीशने दुरुस्ती लिहिली. ताईंनी ती तात्पुरती चढवली, नमुना विणला, ताणला, होकार दिला. ताईंचं काम त्यावर भागलं असतं. पण मला वापरणारे साठेक छोटे कारखाने आहेत. ते कधी काही बोलत नाहीत, माझ्या दारातून मला घेऊन जातात. त्यांचेही कॉम्प्युटर एकेक करून बदलणार होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती दाराच्या आत यायला हवी होती, आणि एक होकार बाकी होता.

ताईंनी कारखान्यातून काकूंना फोन लावला, स्पीकरवर. मी तिथेच होतो.

"त्यांचा कॉम्प्युटर चालूच आहे गं," काकू म्हणाल्या. "बंद करवत नाही. इथे त्यांच्या नावाचं होकाराचं बटण दिसतंय. दाबू का?"

ताईंनी समोरचा नमुना उचलून हातात घेतला.

"काकू, त्यांनी नमुना बघितलेला नाही."

"ते आता कसा बघणार?"

"म्हणून तर नको म्हणते."

"बरं," काकू म्हणाल्या. "यंत्रावर अर्धा विणलेला तुकडा आहे त्यांचा. काढू की राहू दे?"

"राहू द्या."

मग चष्मीशने माझी प्रत काढली आणि दुसऱ्या पत्त्यावर नेऊन ठेवली. यात चोरी नाही, काकांनी मला त्याच परवानगीने जगात सोडलं होतं. माझी ओळ न ओळ त्या प्रतीत आहे, वर ती दुरुस्ती आहे. माझ्या दाराबाहेर, चर्चेच्या पानावर, आता पाटी आहे, 'इथलं काम थांबलं. पुढे या पत्त्यावर जा.' लोक पाटी वाचतात आणि जातात. माझ्यात आता कधीच काही बदलणार नाही. ताईंच्या कारखान्यातूनही मला परवा पुसून टाकलं. पुसताना त्या म्हणाल्या, "चल रे बाबा." कुणाला म्हणाल्या ते मला कळलं नाही.

नव्या जागी चष्मीश लिहितो आणि ताई तपासतात. तिथल्या नियमात त्याने लिहिलंय, 'तूर्त एक होकार. माणूस मिळाला की दोन.' अजून कुणी मिळालेलं नाही. म्हणून सांगतो, तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र धूळ खात पडलं असेल, तर माझ्यापाशी थांबू नका. तिकडे जा. फार शिकलेलं असावं लागत नाही. तळहाताएवढा तुकडा विणायचा, दोन्ही हातांनी ताणायचा आणि दिसेल ते खरं सांगायचं.