माळकऱ्याच्या हातची कोंबडी

माझे सासरे बहिरूमामा माळकरी. आमच्या घरात कोंबडी शिजायची नाही. कुणाला फारच तल्लफ आली तर गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडायची, भांडी वेगळी, आणि घरात यायचं ते अंघोळ करून. अशा माणसाचं सगळं रान कोंबडीच्या जिवावर चाललंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याचं असं झालं. रेशनवर गहू मिळू लागला, बाजरीला कुणी विचारेना. बँका पोल्ट्रीच्या शेडना कर्ज देऊ लागल्या आणि कोंबडीखाद्यासाठी व्यापारी दारात येऊन मका नेऊ लागले. बघता बघता आमच्या चांदवडकडच्या गावातली बाजरी गेली. मामांनीही सगळा मकाच पेरला. दिवाळीला व्यापारी आला तर मामा म्हणाले, "थांबू. शिमग्यापर्यंत भाव चढंल." मामांपुढे बोलणार कोण? थांबलो.

२००६च्या फेब्रुवारीत तिकडे नवापूरला कोंबड्यांवर रोग आला आणि लोकांनी कोंबडी खाणंच सोडलं. कोंबडी खपेना म्हणून पोल्ट्रीवाले मका घेईनात. सरकारी खरेदी केंद्राचं विचारलं तर, "आदेश आला की उघडू." पडवीतल्या मक्याला भुंगा लागू लागला. घरात बाजरीचा दाणा नव्हता.

"मुंबईवाल्यांनी कोंबडी सोडली, त्यात माझं काय गेलं?" मक्याची भाकर मोडता मोडता मामा म्हणाले.

"मका," सासूबाई म्हणाल्या. मला हसू आलं आणि रागही आला.

मग पोल्ट्रीवाल्यांनी तालुक्याला फुकट कोंबडीचं जेवण ठेवलं. ज्यांचा मका पडून होता ते आम्ही सगळेच गेलो. मोठमोठी पातेली उकळत होती, पण पंगतीला कुणी बसेना. शिजवलेल्या कोंबडीनं काही होत नाही, असं सरकारी डॉक्टरांनी माईकवर सांगितलं आणि स्वतः खाऊन दाखवलं.

"त्याला पगार हाय," मागून कुणीतरी बोललं.

तेव्हा मामा उठले. थेट पातेल्याशी गेले आणि एक तुकडा हातात घेतला. मामांना सगळा तालुका ओळखायचा.

"मी माळकरी, मी खाणार नाय," मामा म्हणाले. "पर माझी नात खाईल. रोशनी, ये."

माझी पोर हात सोडवून निघाली. डॉक्टर खरं बोलत होते, ते मला समजतही होतं. पण रोग आल्यापासून मी तिला साधं अंडंसुद्धा दिलं नव्हतं. मी तिला मागं ओढलं, पदर सावरला आणि पुढे झाले. सासऱ्यांसमोर मी कधी जेवायलाही बसले नव्हते.

"मामा, मला द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि त्यांनी घास भरवला. तिखट होता, छान शिजला होता, आणि मला भीती वाटत होती.

माझा चेहरा मामांना दिसला असणार. माईकला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "थुक बाई. मका जाऊ दे चुलीत."

मी नीट चावून गिळलं आणि आणखी एक मागितला.