मधला नमुना

आमच्या ऑफिसच्या पाटीवर 'अनिलकुमार अँड असोसिएट्स' असं लिहिलेलं आहे. त्यातला असोसिएट कुणीच नाही. पाटी रंगवून घेतली तेव्हा अण्णा, म्हणजे अनिलकुमार, एकटे होते, आणि एकट्या माणसाला कुणी काम देत नाही म्हणून त्यांनी नावापुढे माणसं जोडून टाकली. ती माणसं काही आली नाहीत. पगारी आम्ही तेवढे आलो: मी, कन्नड अक्षरं काढणारी सुप्रीता, आणि यंदा नागपूरहून आलेली ईरा.

डिझाइनचं ऑफिस म्हटलं की बंगळुरात लोकांच्या डोळ्यांपुढे कोरमंगला येतं, काचेची दारं येतात. आम्ही बनशंकरीत, एका बेकरीच्या डोक्यावर, दोन खोल्यांत आहोत. खालून खारा बनचा वास येतो आणि दुपारी सगळ्यांना एकदमच भूक लागते. हल्ली बरेच ग्राहक फोनवर मशीनकडून लोगो काढून घेऊनच येतात आणि म्हणतात, एवढंच स्वल्प नीट करून द्या. अण्णा त्यांना कॉफी पाजतात आणि नव्याने सगळं काढायला लावतात. अण्णांच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांचं मराठी कन्नड दुकानातून फिरून आल्यासारखं वाटतं. पण माणूस कामाचा पक्का.

त्यांची एक पद्धत आहे. ग्राहकाला नेहमी तीन नमुने दाखवायचे. पहिला, त्याने मागितला होता तसाच. स्वतः मागितलेलं कागदावर बघितलं की माणूस आपोआप नरमतो. तिसरा, आम्हाला जो द्यायचा असतो तो. आणि मधला गोंबे. इथे नवीन घर बांधायला काढलं की वर राक्षसाचं एक तोंड टांगतात, वटारलेले डोळे, बाहेर आलेली जीभ, जाड मिशा. तो दृष्टीगोंबे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्याच्यावर पडते आणि घर सुटतं. अण्णांचं म्हणणं असं की ग्राहकाचीही नजर कशाला तरी लागायचीच. नावं ठेवल्याशिवाय त्याला आपण ग्राहक आहोत असं वाटत नाही. ती मधल्याला ठेवून झाली की तो शांत होतो आणि तिसरा निमूट घेतो.

गोंबे काढणं सोपं नाही. फार वाईट काढला तर समोरच्याला अपमान वाटतो. थोडा बरा निघाला तर तोच घेऊन जातो. मी पुण्याहून इथे आले तेव्हा सुरुवातीला गोंबेच काढत होते आणि त्यात माझा हात चांगला बसला होता. मग हळूहळू तिसरे नमुने माझ्याकडे आले. तेही बसले. गेली काही वर्षं माझा तिसरा नमुना परत आलेला नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

त्यामुळे मल्हाररावांचं काम आलं तेव्हा ते माझ्याकडेच आलं. मल्हारराव सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे सांगलीचे. निवृत्तीनंतर त्यांनी बोम्मसंद्राला इडली-डोशाचं पीठ वाटायचा घरगुती ग्राइंडर बनवायला घेतला होता. त्याचा खोका आम्ही करायचा. हे काम झालं की पुढची सगळी यंत्रं आमच्याचकडे येणार होती. अण्णांनी मला बोलावून सांगितलं की आपले डोळे आता थकले, हा खोका पास झाला की पाटीवर माझं नाव घालायचं. असोसिएट्स पुसून त्या जागी शलाका. मी बरं म्हटलं. घरी जाताना सिग्नलला उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी हसते आहे. मला ती पाटी फार हवी होती. बाकीचं काही मी कधी मागितलेलं नाही, पण हे मला हवं होतं.

मल्हाररावांनी ग्राइंडरचा समोरून काढलेला फोटो पाठवला होता. मी तो कापून घेतला, मागे फिका निळा रंग दिला, भरपूर मोकळी जागा सोडली, वर बारीक अक्षरात नाव. सुप्रीताने कन्नड अक्षरं त्याच चणीची काढली. चार दिवस मी अक्षरांमधली अंतरं कमीजास्त करत बसले. शेवटी बोट ठेवायला जागा उरली नाही.

गोंबे मी ईराला दिला. म्हणजे तसं सांगितलं नाही. तूही एक नमुना कर, मोकळ्या मनाने कर, एवढंच म्हटलं. नवीन माणूस मन लावून करतो आणि कच्चं करतो, गोंबेला तेवढं पुरतं. यात मला काही वाईट वाटलं नाही. मीही त्याच दारातून आत आले होते.

ईरा आठवडाभर नीट जागेवर सापडली नाही. सकाळी उशिरा यायची, एकदा तर कुर्त्याच्या बाहीवर पिठाचे पांढरे डाग घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, कोरमंगलाला तिच्या पीजीत जी अक्का स्वयंपाक करते तिच्याकडे ग्राइंडर आहे, तो चालू असताना बघायला उभी राहते. मी म्हटलं, फोटो आहे की आपल्याकडे. ती म्हणाली, हो, आहे.  मी सोडून दिलं. इडलीचं पीठ मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीत आणते. माझ्या घरात ग्राइंडर नाही आणि तो आतून कसा दिसतो हा प्रश्न मला कधी पडलेला नव्हता.

सादर करायच्या दिवशी सकाळी मी तिन्ही नमुने ओळीने लावून अण्णांच्या टेबलावर ठेवले. वर मागितलेला, मध्ये ईराचा, खाली माझा. ईराचा ठेवताना नीट बघितलासुद्धा नाही. काळा-पांढरा काहीतरी गोल होता.

मल्हारराव वेळेच्या आधीच आले. आम्ही तिघीही टेबलापाशी होतो. खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांनी टेबलाची कड अंगठ्याने चाचपून बघितली, सरळ आहे का म्हणून. अण्णांनी पहिला नमुना काढला. त्यात मल्हाररावांनी सांगितलेलं सगळं होतं, हसरी बाई, इडल्यांची चळत, चार रंगांतली चार वैशिष्ट्यं. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे मीच सांगितलं होतं का. कॉफी आली. मग अण्णांनी दुसरा नमुना काढून टेबलावर ठेवला.

तो माझा होता.

मला वाटलं, त्यांचा हात चुकला. वयाने होतं असं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, कॉफीत साखर ढवळत होते, आणि अण्णा कॉफीत साखर घालत नाहीत.

मल्हाररावांनी नमुना हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. छान आहे, म्हणाले. स्वच्छ आहे. मग म्हणाले, "हे मी कुठंतरी पाहिलंय." त्यात टोमणा नव्हता. ते खरंच आठवून बघत होते, आणि आठवेना तेव्हा त्यांनी तो सोडून दिला. पुढे त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं की या ग्राइंडरच्या जागी पाण्याचा फिल्टर ठेवला तर काही बदलावं लागेल का. सुप्रीताने मान खाली घातली. मी म्हटलं, रंग थोडा बदलावा लागेल. दुसरं काय म्हणणार. इतकी वर्षं मी समोर बसून गोंबेला नावं ठेवलेली ऐकली होती. कुणाचा तरी तो असतो हे मला माहीत होतं. ते अंगावर कसं येतं ते त्या खुर्चीत बसून कळलं.

मग अण्णांनी तिसरा काढला.

खोक्याच्या झाकणावर ग्राइंडर वरून दिसत होता. यंत्र म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. दोन काळे दगड आणि त्यांच्याभोवती फिरून आलेलं पांढरं पीठ, एका बाजूला जरा चढलेलं, कडेला एक ओघळ. वर नाव, तेही छोटं. चारी बाजू कोऱ्या काळ्या. बस.

मल्हारराव उभे राहिले. त्यांना स्वतःला ते कळलं असेल असं वाटत नाही. उभे राहून टेबलावर वाकले आणि वरून आत बघायला लागले, एक हात आपसूक पुढे आलेला, बोटाने पीठ चाचपायला निघाल्यासारखा. "असंच बघतो ना आपण," ते म्हणाले, "झालं का म्हणून." मग ओशाळून खाली बसले आणि हा खोका कधी छापून मिळेल असं विचारलं. ओघळसुद्धा तसाच ठेवा, म्हणाले. ते गेल्यावरही ईरा नमुन्याकडेच बघत होती.

खाली बेकरीत आम्ही दोघी चहा प्यायला उतरलो. मी तिला चांगलं झालं म्हटलं. म्हणायला जड गेलं, पण म्हटलं. तिने कपातून वर न बघता विचारलं, "शलाकाताई, आज गोंबे कुठला होता?"

गोंबे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. पहिल्याच दिवशी सुप्रीताने सांगितलं होतं म्हणे. तूही एक नमुना कर असं मी म्हटलं तेव्हाच आपला मधला आहे हे तिला समजलं होतं.

"मग एवढा जीव कशाला काढलास?" मी विचारलं.

ती गोंधळली. या प्रश्नाला उत्तर लागतं असं तिला वाटलेलं नव्हतं. "गोंबे असला तरी कुणीतरी बघणारच ना," ती म्हणाली.

गोंबे माझा होता, हे मी तिला सांगून टाकलं. ती इतकी कावरीबावरी झाली की चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

वर गेले तेव्हा अण्णा एकटे होते. मी आडवळण घेतलं नाही. माझा नमुना मध्ये का ठेवलात, विचारलं. त्यांनी चष्मा काढला. अण्णा चष्मा काढतात तेव्हा खरं बोलतात, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

"बघ अम्मा, सकाळी तिन्ही पुढे घेऊन बसलो. तुझ्यात चूक शोधली. सापडली नाही. मग परत बघितलं. मला काही वाटलंच नाही. स्वल्पसुद्धा नाही."

हे तुम्ही मला आधी सांगू शकला असता, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मल्हारराव काय करतात ते मलाही ठाऊक नव्हतं, तुझा घेतला असता तर तुझा, असंही म्हणाले. मला राग आला होता, आणि राग काढायला जागा सापडत नव्हती, म्हणून जास्त आला.

मी उठले तेव्हा त्यांनी पाटीचा विषय काढला. खोका पास झाला की तुझं नाव, असं म्हटलं होतं, कुणाचा खोका ते म्हटलं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. पेंटरला बोलावतो, तू पाटीचे नमुने काढ. "तीन काढ," ते म्हणाले. "पद्धत सोडायची नाही."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

जागेवर येऊन बसले आणि काढायला घेतलं. गोंबे कॉफी निवायच्या आत निघाला. नाव मध्यभागी, बारीक अक्षरं, फिका निळा, भरपूर मोकळी जागा. बोट ठेवायला जागा नाही. उरलेल्या दोन चौकटी समोर तशाच राहिल्या. पाटी नेमकी केवढी आहे ते आठवेना. सहा वर्षं तिच्याखालून आत येत होते.

मग खाली उतरले आणि रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिले. तिथून वर बघितलं. बेकरीचं पत्र्याचं छप्पर, त्यावर वायरींचा गुंता, त्याच्यावर पाटी. 'अनिलकुमार अँड' एवढं वाचता येत होतं. पुढच्या अर्ध्या पाटीवर फुटपाथवरच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाची फांदी आली होती, दाट, हिरवीगार, काही आजची नव्हती. असोसिएट्स तिच्यामागे कुठेतरी असणार. माझं नाव तिथेच यायचं होतं.

दुकानदार बाहेर आला आणि काय हवं, विचारायला लागला. मी त्याला विचारलं, समोर वर काय आहे ते माहीत आहे का. बेकरी, तो म्हणाला.

मी तिथे बराच वेळ उभी होते. वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं. एक बाई पिशवी घेऊन गेली, एक रिक्षा थांबून निघून गेली, वर कुणी बघितलं नाही. मग मी ईराला फोन केला. खाली ये म्हटलं, समोरच्या बाजूला. येताना काही घेऊन येऊ का, तिने विचारलं, लॅपटॉप, पट्टी?

"काही नको," मी म्हटलं. "नुसती ये. इथून काय दिसतं ते मला सांग."