उंची न सोडता

रश्मीने कंट्रोल झटकन आपल्या हाती घेऊन विमान सरळ केलं. दोन हजार फुटांवर सुरू केलेलं वळण पुरं होईस्तोवर उंचीचा काटा सतराशेवर आला होता.

"उंची न सोडता वळायचं, नीतू. आज कितव्यांदा सांगून राहिली मी?"

"सॉरी मॅडम."

पहिले दोन महिने याच पोरीच्या वळणांना काटा जागचा हलत नसे. एकटीने विमान उडवायची तारीख ठरली आणि तेव्हापासून दर वळणात ती खाली येऊ लागली.

"पुन्हा घे."

या वेळी रश्मीने काट्याकडे पाहिलंच नाही. तिने नीतूचा हात पाहिला. वळताना मागे ओढायला हवा तो हात कंट्रोल हलकेच पुढे ढकलत होता.

"मुद्दाम करून राहिली?"

नीतूचा हात जागीच थांबला.

"मॅडम, तुमी लिहून द्या ना, इले जमत नाई म्हणून. माह्या तोंडानं बाबूजी ऐकणार नाईत. तुमची सही पाहून ऐकतील."

"भीती वाटते?"

"नाई. मनच नाई लागत. दरवाजा लागला का जीव घुसमटते. आमच्या केशोरीत चौकात माह्या फोटोचं बॅनर लागलं आहे. लहान पोरंबी पायलट म्हणून हाका मारतात. आता मी उतरू कुठून?"

रश्मीला संताप आला. याच सीटसाठी तिने जिवाचं रान केलं होतं. सात वर्षं ती शिकवत होती. त्याच धानाच्या बांध्या, त्याच पाण्याने भरलेल्या बोड्या, त्यांच्यावरून त्याच घिरट्या. शिकवलेली पोरं मोठ्या विमानांवर गेली. तिला मात्र तीन विमान कंपन्यांनी नाकारलं. तिसरा नकार पावसाळ्यातच आला होता, आणि फुलचूरला घरी ती अजून सांगत होती, पत्र येईलच. संताप आला तसा विरला.

"खोटं मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "बाबूजींना तूच सांग. आता एक वळण नीट घे."

नीतूने घेतलं. शेतं तिरपी झाली, सावकाश फिरली, पुन्हा सरळ झाली. काटा चिकटवल्यासारखा दोन हजारावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीतूचे वडील गोपीचंद ऑफिसात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. नीतू दाराशीच थांबली.

"मॅडम, पोरगी म्हणते सोडतो. तुमीच सांगा, इले जमत नाई का?"

नुसती मान हलवली असती तरी पोरगी सुटली असती. नीतू डोळ्यांनी तेवढंच मागत होती.

"जमते, भाऊ," रश्मी म्हणाली. "माझ्या सगळ्या पोरांत हिचा हात चांगला आहे. पण तिले नाही पायजे."

गोपीचंद खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर दोन माणसं एक विमान ढकलत शेडकडे नेत होती.

"मंग पोरी, इतके दिवस काऊन नाई सांगतलं मले?"

"तुमी लय खुश होते, बाबूजी."

त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. पुसायला वाजवीपेक्षा जास्तच वेळ लावला.

"चाल," ते म्हणाले. "बॅनर मीच काढतो. तू नोको येऊ चौकात."

दोघं गेली. पुढच्या उड्डाणाला वीस मिनिटं होती. रश्मीने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"बाबा, ते कंपनीचं पत्र..."

पुढचं तोंडातून निघेना. पलीकडून बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बोल ना, बाई," ते म्हणाले. "मी कवाचा तू सांगायची वाट पाहून राहिलो."