पाठमोरा शॉट

"मी काय तुये पाय बांधून ठेवलो होतो काय बे? तुले जायचं रायते तं गेला असता!"

मंगेश हे बोलत होता ते तलावात गुडघाभर पाण्यात उभं राहून, गालावर फासलेला काळा रंग पुसला जाऊ नये म्हणून तोंड वर करून. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, खांद्यावर जाळं घेऊन विक्की उभा.

"कुठं जातो? बोलावलं हाय हे मले माहीत तं पायजे! फारमवर नंबर कोनाचा होता? तुयाच ना? मॅसेज कोनाच्या फोनवर आला? तुयाच ना? मंग विक्की मिरची तोडाले गेला म्हनून मॅडमले कोनं सांगतलं? फोननं सांगतलं काय?"

"हळू बोल ना लेका. सारे पाहून राहिले."

"पाहू दे! शूटिंग पाहालेच आले हायेत."

ते खरंच होतं. अर्धं गाव पाळीवर बसलं होतं. शेंगदाणेवाला पण आला होता.

दहा मिनिटांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. टीना मॅडम फाईल घेऊन मच्छीमार सोसायटीच्या लोकांकडे आल्या. सिनेमासाठी माणसं निवडायची, जमवायची, उन्हात पळायची सगळी कामं त्यांच्याच अंगावर होती. त्यांना चांगलं जाळं फेकणारा माणूस पाहिजे होता. सगळ्यांनी विक्कीकडे बोट दाखवलं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा पेन जागीच थांबला.

"अरे! तू इथे कसा? तू तर तेलंगणात गेला होतास ना, मिरची तोडायला?"

बस. एवढ्या एका वाक्यात विक्कीला सगळं समजलं. धान निघालं की या भागातून दरवर्षी टेम्पो भरभरून लोक तिकडे मिरचीवर जातात. कोण गेलं, कोण नाही, कोणी मोजत नाही. मंगेशनं खोटं असं निवडलं होतं की त्याला राखण बसवायची गरजच नव्हती.

जानेवारीत दोघं मंगेशच्या गाडीवर शहापूरजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर गेले होते. सिनेमात ढिवराचा, म्हणजे मच्छीमाराचा, पोरगा पाहिजे, इकडची बोली बोलणारा, अशी जाहिरात मंगेशच्याच फोनवर आली होती. विक्कीचा फोन त्याआधीच तलावात पडून मेला होता, म्हणून फारमवर नंबर मंगेशचा. अनुभवाच्या रकान्यात विक्कीनं खरं ते लिहिलं: मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात सहा वर्षं. तीनदा नोकर, दोनदा हवालदार, एकदा प्रेत. दहावीत शाळा सोडली तरी त्यानं हे सोडलं नव्हतं. सकाळी बापासोबत तलाव, दुपारी बाजार, आणि दिवाळीनंतर दोन वाक्यांचा हवालदार. त्यात तो खूश होता असं नाही. पण एक दिवस तिसरं वाक्य मिळेल अशी त्याला उगाच आशा होती.

लॉनवर मॅडम म्हणाल्या, तुझ्या मनाचं काहीतरी करून दाखव. विक्कीनं गळ्यातला दुपट्टा काढला, त्याचं जाळं केलं, आणि त्याची कड दातात धरली. जाळं फेकायच्या आधी ढिवर असंच धरतो. एक कड दातात, बाकीचं हातांवर. आणि त्याच्या बापाला, मनिरामला, जगातल्या सगळ्या तक्रारी नेमक्या तेव्हाच आठवतात. पोरगा शाळा सोडून बसला, मरळ पहिल्यासारखी सापडत नाही, सोसायटीचा अध्यक्ष झोपा काढते. सगळं दातातून, ओठ न हलवता, नाकातून. शिवी तर निम्मी जाळ्यातच अडकते. विक्कीनं तसंच्या तसं केलं. मॅडम हसून हसून डोळे पुसायला लागल्या. पुन्हा करायला लावलं. म्हणाल्या, "हेच! हेच पाहिजे आपल्याला."

मंगेशनं आठवण म्हणून त्याचा व्हिडिओ काढून ठेवला. मंगेशनं पण परीक्षा दिली. यादीत त्याचं नाव विक्कीच्या खाली, दुसरं होतं, हे विक्कीला आज कळलं.

वीस दिवसांनी मंगेश पेढे घेऊन आला होता. "माया नंबर लागला बे. तुयं नाव नाही आलं. मी बोललो तुयासाठी, पन नाही म्हने." विक्की घरामागे गेला, जाळी वाळत होती तिथं उभा राहिला, जरा वेळानं तोंड धुऊन आला आणि पेढा खाल्ला. दोघं पहिलीपासूनचे. भावाचं झालं म्हणजे आपलंच झालं, असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. आणि वर पंधरा दिवस याच तलावावर त्याला जाळं फेकायला आणि कड दातात धरून बापासारखं बोलायलाही शिकवलं. मंगेशच्या घरी सात एकर धान. त्यानं कधी जाळ्याला हात लावला नव्हता. फेकलं की ओल्या गोधडीसारखं धप्पकन पडायचं. म्हणून तर आज फेकणारा दुसरा पाहिजे होता.

"चला, क्लोजअप!" छत्रीखालून मोठ्या साहेबांचा, डायरेक्टरचा, आवाज आला. भांडण तसंच हवेत राहिलं.

मंगेशनं जाळ्याची कड दातात धरली. चिखलाचा वास आला असेल, त्याचं नाक आकसलं. मग तो बोलायला लागला. दातातून, ओठ न हलवता, नाकातून. शिवी निम्मी जाळ्यात अडकली. पाळीवर हशा पिकला.

मनिराम झाडाखाली उकिडवा बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. बाजूला सकाळच्या मासोळीची टोपली, वरून ओलं पोतं. त्याचा घोटणारा अंगठा थांबला.

"अबे विक्की, हा मायी नक्कल काहून करून राह्यला?"

विक्कीनं बापाकडे पाहिलं नाही.

"मीच शिकवलो त्याले, बाबा."

"तुले कोनं सांगतलं होतं?"

विक्कीनं टोपलीवरचं पोतं सारखं केलं.

टीना मॅडम मंगेशचा शर्ट घेऊन आल्या. तो शर्ट पोटावर ब्लेडनं फाडून चहाच्या पाण्यात बुडवलेला होता. आल्यापासून तो विक्कीच्या डोळ्यात खुपत होता. ढिवराचा शर्ट फाटतो खांद्यावर, जाळ्याच्या भारानं. पोटावर फाटायला तिथं काय असते?

"हा घाल. पाठमोरा शॉट आहे. तू फक्त जाळं फेकायचं आणि ओढायचं. मागे वळू नकोस, चेहरा दिसता कामा नये. आणि मासे आले तर तिथेच सोडून दे. गोष्टीत त्याला चार दिवस मासे मिळत नाहीत."

"मॅडम," विक्की म्हणाला, "मले मॅसेज भेटला असता अन् मी आलो असतो, तं?"

मॅडमनी फाईल उघडली, परत बंद केली.

"दुसरीकडे पाच दिवसांचं शूटिंग झालंय रे. आता कशाला ते."

म्हणजे हो. विक्कीला पाहिजे होतं ते उत्तर भेटलं, आणि ते काही कामाचं नव्हतं.

जावं निघून, असं मनात आलं. पण समोर त्याचा तलाव होता, खांद्यावर त्याचं जाळं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा एक कॅमेरा त्याच्यासाठी लावला होता. पाठीसाठी का होईना. त्यानं शर्ट चढवला. आतून मंगेशच्या घामानं कोमट होता.

पाण्यात शिरला. कड दातात धरली. शिशाच्या गोळ्या पोटरीवर थंड लागल्या. कंबर वळली, हात सुटले, आणि जाळं उन्हात गोल उघडून असं पाण्यावर बसलं की कडेच्या सगळ्या गोळ्या एकदमच वाजल्या. पाळीवर कोणी बोललं नाही. इथले लोक सिनेमाला टाळ्या वाजवतात, चांगल्या जाळ्यापुढे गप्प बसतात.

दोरी ओढताना हाताला वजन लागलं. दोन रोहू, एक मरळ, मनगटाएवढी. वर्षात दोनदा सापडेल अशी.

विक्की मागे वळला.

जाळं छातीशी, मासे फडफडत, तोंडावर पाणी. सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. हवालदाराची दोन्ही वाक्यं बोलून होतील एवढा वेळ नुसता उभा राहिला.

"कट! कट! अरे वळला कशाला? इतका सुंदर थ्रो! परत घ्या. आणि ते मासे सोडा आधी!"

विक्की बाहेर आला. मासे टोपलीत टाकले, पोतं नीट झाकलं. शर्ट काढला, पिळला आणि मंगेशच्या हातात दिला. मग जाळंही त्याच्या पायाशी ठेवलं.

मंगेश जवळ सरकला. गालावरचा काळा रंग आता गळ्यापर्यंत ओघळला होता.

"एक डाव फेक ना भाऊ. फक्त एक डाव. साऱ्या गावासमोर माया इज्जतीचा सवाल हाय बे."

"पंधरा दिवस शिकवलो ना तुले? फेक मंग."

"विक्की..."

"जाळं संध्याकाळी घरी आनून देजो. धुऊन." त्यानं टोपली उचलून सायकलला बांधली. "चाल बाबा, बस मागं. मोहाडीचा बाजार भरला असन. मले निंघा लागते आता."