हात रिकामे, तोंड बंद

ठिणगीचा बाप आयुष्यात पहिल्यांदा होडीत पाहुणा म्हणून बसला होता आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग काखेत घातले, शेवटी दोन्ही तळवे बुडाखाली दाबून बसला.

"बाबा, नीट बस की," शेजारी बसलेली ठिणगी म्हणाली. "मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा काय बसलायस?"

बाप गप्प. कारण बोलायचंच नव्हतं.

ठिणगी हे बापानेच ठेवलेलं नाव. पोरगी मोठी झाली, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागली, चार हमालांना गप्प करायला लागली, तरी नाव तेच राहिलं. आज तिने सुट्टी टाकली होती. बाप त्या मालवाहू जहाजावर सदतीस वर्षं होता आणि त्यातली शेवटची बारा वर्षं सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. असा माणूस कामावरून उतरतो तेव्हा भाड्याच्या लाँचने पिशवी सांभाळत घरी जात नाही. खुद्द कप्तान आणि साहेबलोक वल्ही मारून त्याला धक्क्यावर सोडतात. जन्मभर त्याने त्यांचे हुकूम झेलले, एक दिवस त्यांनी हाताला फोड आणून घ्यायचे. घरचं एक माणूस सोबत चालतं.

पण अट कडक. सारंगाने वल्ह्याला, दोराला हात लावायचा नाही आणि एकही हुकूम द्यायचा नाही. दिला, तर गडी अजून कामावरच आहे असं धरतात. होडी मागे फिरते, आणि मग दुसऱ्या दिवशी साध्या लाँचने, गुपचूप.

बापाच्या उस्तादाचं तसंच झालं होतं. अर्ध्या वाटेत एका साहेबाने वल्हं उलटं धरलं आणि म्हातारा ओरडला, "सरळ धर, गाढवा." झालं. होडी परत. म्हातारा त्यानंतरही पुष्कळ जगला, पण बंदरात कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न हाच, "काय सारंग, गाढव सरळ झालं का?" बापाने ते डोळ्यांनी बघितलं होतं. काहीही होवो, आपली होडी धक्क्याला लागलीच पाहिजे, हे त्याने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. आई मात्र सकाळीच म्हणाली होती, "हे आणि गप्प बसणार? सूर्य पश्चिमेला उगवला तर सांगा मला." आता ती धक्क्यावर उभी होती, नवी साडी नेसून, तो सूर्य बघायला.

"मारा," कप्तान म्हणाला.

आठ हात वल्ह्यांवर पडले, तेही आठ वेगवेगळ्या वेळी. होडी चार हात पुढे गेली, थबकली आणि गोठ्याची सवय लागलेल्या गाईसारखी नाक वळवून परत जहाजाला चिकटली.

"पुन्हा," कप्तान म्हणाला.

पुन्हा तेच.

"ओहोटी लागलीय वाटतं," मोठा इंजिनियर धापा टाकत म्हणाला. बिचाऱ्याचा जन्म इंजिनखान्यात गेला होता.

"ओहोटी नाही ती. तुमचं पोट आहे," कप्तान म्हणाला.

मागच्या दोन तरुण साहेबांनी हसायचं नाही म्हणून इतका जोर लावला की एकाचं वल्हं पाण्यावरून घसरलं आणि तो फळीवर उताणा पडला. धक्क्यावरून कुणीतरी शीळ घातली. "अहो, नांगर तरी उचला," एक लाँचवाला ओरडला, आणि सगळा धक्का खिदळला.

वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढे असते. म्हणून त्या चौघांना जे दिसत नव्हतं, ते मागे बसलेल्या बापलेकीला स्वच्छ दिसत होतं. होडीच्या नाकाचा दोर अजून जहाजावरून सुटलेलाच नव्हता.

ठिणगीने दोरावरून नजर वर नेली. कठड्यापाशी टंडेल उभा होता. बापाच्या हाताखालचा माणूस, उद्यापासूनचा सारंग. दोर त्यानेच सोडायचा असतो. तो होडीत पडला की जुना सारंग सुटला, नवा लागला. टंडेलाने खुंट्यावरचे वेढे काढले होते, पण दोर दोन्ही मुठींत गच्च धरून तो नुसता उभा होता.

ठिणगीचं डोकं सटकलं. मुद्दाम करतोय हा. चारचौघांत बापाचा तमाशा. ती तोंड उघडणार, तोच बापाचा गुडघा तिच्या गुडघ्यावर दाबला गेला. तिने वळून बघितलं. बाप टंडेलाकडे बघत होता, आणि रागाने नाही. मग तिनेही नीट बघितलं. पन्नाशीचा धिप्पाड गडी, पण हनुवटी थरथरत होती. पहिल्याच वादळात हा डेकवरून वाहून जायला निघाला होता, तेव्हा बापाने त्याच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, ही गोष्ट ठिणगीने घरी शंभरदा ऐकलेली. त्या माणसाला आता दोर सोडवत नव्हता.

एवढ्यात कप्तानाने मान वळवली. त्याचा चेहरा लाल झाला.

"सारंग, दोर तर तसाच आहे. तुम्हाला दिसत होतं?"

बापाने होकाराची मान डोलावली.

"आणि आम्हाला मरू दिलंत?"

"त्यांनी तोंड उघडलं असतं तर परत वर चढावं लागलं असतं, साहेब," इंजिनियर म्हणाला. "पक्के आहेत ते."

"मी सांगू का त्याला सोडायला?"

बापाने जोरजोरात मान हलवली. नाही. ते कप्तानालाही कळलं. दुसऱ्याने सांगितल्यावर दोर सोडला, तर तो टंडेलच राहिला. सारंग कसला?

चौघांची वल्ही थांबली. धक्क्यावरचं हसणं मात्र वाढत चाललं. बापाच्या कपाळावरची शीर फुगली होती. ओठ असे आवळलेले, जणू तोंडात खिळे धरलेत.

ठिणगी उभी राहिली. होडी डुचमळली. इंजिनियरने दोन्ही हातांनी फळी धरली.

"ओ सारंगकाका," तिने वर हाक मारली.

सारंग म्हणताच बापाचं तोंड सवयीने 'ओ' द्यायला उघडलं आणि त्याने ते कसंबसं मिटलं. वर टंडेल मागे वळून बघायला लागला, ही कुणाला हाक मारते म्हणून.

"तुम्हालाच म्हणतेय. मागे काय बघताय? सदतीस वर्षं हा माणूस तुमच्याकडे होता. आम्ही कधी मागितला का परत? आई तिकडे उन्हात उभी आहे. आता द्या की आमचा आम्हाला. तुमचं तुम्हाला जमतंय, त्याने शिकवलंय सगळं."

टंडेलाने नाक पुसलं. मग तो एकदम ताठ झाला. दोराची नीट गुंडाळी केली, एक वेढा इकडचा तिकडे नाही, आणि फेकला. दोर थेंबभरही पाणी न लागता बापाच्या पायाशी येऊन पडला. बापाचे हात बुडाखालून निघायला बघत होते. त्याने ते तसेच दाबून धरले.

वरून आवाज आला. आधी चिरकला, मग सापडला. "बघताय काय रे? टोप्या काढा. एका रांगेत या."

कठड्याला सगळे खलाशी उभे राहिले, टोप्या हातात. कप्तान म्हणाला, "मारा," आणि होडी निघाली, वाकडीतिकडी, दारू प्यायल्यासारखी. पण निघाली. त्यांच्या जहाजाने लांब भोंगा दिला. त्याला नांगरावरच्या दुसऱ्या जहाजाने उत्तर दिलं, मग तिसऱ्याने. आवाज पोटात घुमायला लागला. धक्क्यावरचं हसणं कधी थांबलं ते कळलंही नाही. नांगर उचला म्हणणारा तो लाँचवाला आपल्या लाँचवर सरळ उभा होता.

बाप पाठ ताठ करून समोर बघत होता. इंजिनियरने दोनदा वल्हं आपटलं, होडी पायरीवर धाडकन आदळली, तरी गडी हूं की चूं नाही. चौघांनी ओली वल्ही उभी धरली आणि तो पायरीवर उतरला. कप्तानाने त्याची पिशवी स्वतः उचलून आणली. हाताला खरोखरच फोड आले होते.

आई पुढे आली. वरपासून खालपर्यंत नवऱ्याकडे बघितलं.

"गप्प बसलात," ती म्हणाली. एवढंच. पण तिने मान वळवून आजूबाजूच्या सगळ्यांकडे बघितलं, ऐकलंत ना म्हणून.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. जहाजावर कुणीतरी कुणालातरी शिडी नीट न ओढल्याबद्दल झापत होतं. चांगला खणखणीत. पार धक्क्यापर्यंत.

"कोण रे हा एवढा बोंबलतोय?" एका हमालाने विचारलं.

बापाने पिशवी कप्तानाच्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि तोंड उघडलं.

"आमच्या जहाजाचा सारंग," तो म्हणाला.