पुढे तीस, मागे सेहेचाळीस

ठकीला चालायचं होतं आणि घरातल्या दोन बायका तिला चालू देत नव्हत्या.

म्हणजे अगदी दोन नव्हे, एकच. ठकी स्टुलाला धरून उभी राही, एक हात सोडी, दुसराही सोडायच्या बेतात येई. आणि तेवढ्यात तिची आई दातांच्या डॉक्टरसाठी घरी बनवत असलेला कवळीचा साचा टाकून धावे नि लेकीला अलगद खाली बसवी. आजी, म्हणजे सासूबाई, हे सगळं घरच्या सायकलच्या दुकानाच्या दारातून बघत आणि कपाळाला हात लावत. उठून अडवत नसत, एवढाच त्यांचा गुन्ह्यात हात.

"अगं, उतू जाणारं दूध आहे का ते, फुंकर मारून खाली बसवायला?"

"थोडेच दिवस, आई. सायकलचे गिअर बसले की हिला घेऊन बाबाकडे निघतेच मी."

ठकीचा बाबा डोंगरावर होता. माथ्यावर एक मनोरा होता आणि कोरड्या दिवसांत जंगलात कुठे वणवा लागत नाही ना, हे तिथून बघत राहायचं ही त्याची नोकरी. तो गेला तेव्हा ठकी बसवली तर बसायची, नाहीतर कलंडायची. तिची पालथी पडण्याची गंमत हुकली होती, पहिला दात फोनवर ऐकून झाला होता. आता रोज संध्याकाळी त्याचा एकच प्रश्न असे, "टाकलं का गं पाऊल?" एकदा ठकीची आई बोलून गेली, "तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय!" पलीकडून त्याने इतक्या आशेने "खरंच?" विचारलं, की थट्टेत निघालेला शब्द तिच्या गळ्यात पडला.

वर पाणी नेणारी जीप लहान मुलांना घेत नसे. कडेवर घेऊन चालत जायचं, तर दर वळणावर बसावं लागणार आणि माथ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येणार. उरली सायकल. लग्नाआधी ही शर्यतींत उतरायची. घरात तिची ग्रॅव्हल बाइक होती: हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, पण टायर जाड, खडीच्या कच्च्या रस्त्यावर चालणारे. मागे जोडायला छपराची छोटी दोनचाकी गाडी सासूबाईंनी दुकानात जोडून तयार ठेवली होती. आणि डोंगराचा रस्ता सगळा खडीचा, सगळा चढाचा.

"पुढची चक्री बदलू या," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांच्या माघारी दुकान त्याच चालवत. "चाळीस दाते फार होतात."

"चाळीसवर मी घाट चढलेय, आई."

"तेव्हा मागे काय बांधलं होतंस? पाठीवरची नंबराची चिठ्ठी?"

हिशोब साधा होता. पुढे चाळीस दाते, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला बेचाळीस. म्हणजे पेडलचा एक फेरा मारला, की चाकाचाही जवळजवळ एक फेरा. पुढचे दाते कमी केले किंवा मागचे वाढवले, तर एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जाणार, पण पायाला ते हलकं जाणार. हे तिला पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच पटत नव्हतं. पुढचे दाते कमी करणं म्हणजे आपण आता पूर्वीच्या राहिलो नाही, असं स्वतःच्या हाताने पान्याने आवळून लिहून देणं.

ठकीऐवजी गाडीत रेतीचं पोतं बांधून ती डोंगराच्या पायथ्याशी गेली. पहिल्या वळणापर्यंत झकास. मग चढ उभा झाला, मांड्या भरून आल्या, आणि सवयीने ती सीटवरून उठून पेडलवर उभी राहिली. डांबरावर हे चालतं. खडीवर मात्र अंगाचा भार पुढे गेला, मागचं चाक हलकं झालं, जागच्या जागी गरकन फिरलं आणि सायकल आडवी. कानांत फक्त स्वतःचा श्वास, भात्यासारखा. पोतं गाडीतून तसंच बघत होतं.

"उठून चालत नाही," घरी आल्यावर गुडघा धूत ती म्हणाली. "सगळा चढ बसून मारायला हवा."

"बसून, म्हणजे हलका गिअर. मी काय वेगळं म्हणत होते?" असं म्हणून सासूबाईंनी जी धाव घेतली, ती थेट दुसऱ्या टोकाला. मागे चक्र्यांची नवी चळत, म्हणजे कॅसेट, तिची सगळ्यात मोठी चक्री सेहेचाळीस दात्यांची, तिच्यावर साखळी सरकवणारा लांब डिरेलर, आणि पुढे कुठल्याशा जुन्या सायकलीची, पेडलच्या दांड्यांसकट काढलेली चोवीस दात्यांची चिमुकली चक्री. "आता भिंत चढ."

दुकानासमोरच्या गल्लीत थोडा चढ होता. पोतं बांधून ती निघाली. पाय गरागरा फिरत होते, भार म्हणून नव्हता आणि सायकल काही केल्या पुढे जाईना. हँडल डावीकडे, हँडल उजवीकडे. एकेकाळची शर्यतवाली बघता बघता शेजारच्या न्हाव्याच्या कुंड्यांत जाऊन बसली.

"वहिनी, शिकताय का?" न्हावी कात्री घेऊन बाहेर आला. "मागून धरू?"

सासूबाईंना हसू आवरेना. ठकी आजीच्या कडेवरून टाळ्या वाजवत होती. आणि कुंड्यांत बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की दोघींनी आपापल्या परीने सारखीच चूक केली होती. तिने तिच्या ताठ्याला विचारून दाते ठरवले, सासूबाईंनी त्यांच्या काळजीला विचारून. सायकलला कुणीच विचारलं नव्हतं.

"आई, किती हळू गेलं की ही सायकल पडते, ते आधी बघू."

मग एक मजेशीर खेळ सुरू झाला. सासूबाई ठकीला कडेवर घेऊन गल्लीतून चालायच्या, भाजी आणायला निघाल्यासारख्या, आणि हिने शेजारून पोतं ओढत सायकल चालवायची. सासूबाईंच्या बरोबरीने गेली तर हँडल शांत. जरा मागे पडली, की डुलायला लागे. पुन्हा, पुन्हा तेच. सायकलीला चालत्या बाईपेक्षा हळू जाणं मंजूर नव्हतं.

सासूबाईंनी खडू आणला. सायकलच्या पुढच्या चाकापासून त्या दोन पावलं चालल्या, एक डावं, एक उजवं, आणि रस्त्यावर रेघ मारली. मग दुकानातल्या एकेक चक्र्या लावून बघणं सुरू झालं. छत्तीस लावली, पेडलचा एक फेरा रेघेच्या बराच पुढे. चौतीस, तरीही पुढे. मग तीस लावली. पेडल एकदा पूर्ण फिरलं, एकदा डावा पाय खाली, एकदा उजवा, आणि पुढचं चाक रेघेवर येऊन थांबलं.

दोघी वाकून बघत राहिल्या.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "पुढे तीस, मागे सेहेचाळीस. यात सायकल चालते तुमच्याइतकीच. डावं, उजवं."

"चाळीस वर्षं हे दाते मोजतेय," सासूबाई खडू हातात धरून म्हणाल्या, "पण हे कधी दिसलं नव्हतं बाई." रेघेकडे त्या अशा बघत होत्या, जणू कुणी ती त्यांच्या येण्याआधीच तिथे मारून ठेवली होती.

"सपाटीवर मात्र पाय नुसते पंख्यासारखे फिरतील."

"फिरू देत. पोरीला मागे बांधून तुला जोरात जायचंच कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. पोत्याच्या जागी ठकी, डोक्यावर टोपी, हातात चावायला जुना रबरी ब्रेक-पॅड, अर्थात धुऊन. पहिलं वळण आलं. चढ उभा झाला. तिने साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर घेतली आणि सीटवर बसून राहिली.

आणि डोंगर चालत खाली येऊ लागला.

दुसरं कसं सांगणार? तिने जोर लावला नव्हता. पाय फिरत होते, डावा, उजवा, आणि एकेक दगड, एकेक झुडूप सावकाश तिच्याजवळून मागे जात होतं. चाकाखाली खडी एकसारखी कुरकुरत होती, पण सरकत नव्हती. एवढा मोठा डोंगर, एवढीशी दोन माणसं, आणि मध्ये फक्त मोजके दाते. एकात एक अडकून, न दमता, न रागावता, तो भार थोडा थोडा करून तिच्या हवाली करणारे. तिला जेवढा पेलेल तेवढाच. इतकी वर्षं ती डोंगर जिंकायला निघायची आणि वर पोचल्यावर तिला रस्त्यातलं काही आठवत नसे. आज तिच्याकडे श्वास शिल्लक होता. म्हणून तिला पाखरं ऐकू आली. म्हणून मागून ठकीचं बडबडणं ऐकू आलं, आणि मग त्या बडबडीतली कुरबुरही.

माथ्याच्या अलीकडे एका वळणावर जरा सपाट जागा होती. तिने सायकल थांबवली, पट्टा सोडला आणि ठकीला खाली उतरवून गाडीच्या चाकाशी उभं केलं. पाण्याची बाटली काढायला ती वाकली.

ठकीने एक हात सोडला.

आईचा हात सवयीने पुढे झालाच. मनोरा वर दिसत होता. दोनच वळणं, मग टाक की पाऊल. ठकीने दुसरा हात सोडला. आता तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भीती नव्हती. कुणीतरी आतून हाक मारल्यावर माणूस कान देतं, तसं काहीतरी होतं. त्या चेहऱ्यासमोर आईचा हात हवेतच थांबला. ही आपल्याला विचारत नाहीये. ही आता आपल्याला विचारणार नाही.

ठकीने पाऊल टाकलं. पायाखालची खडी सरकली. ती डुलली, थांबली, आणि पुढचं पाऊल तिने त्याहून लहान टाकलं. कुणी शिकवलं तिला? ते टिकलं. मग तेवढंच आणखी एक. मग धप्पकन खाली बसून तिने मूठभर खडी उचलली आणि तोंडात घालायला निघाली.

आई तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली. खडी काढून घ्यायचं भान तिला जरा उशिरानेच आलं.

उरलेली वळणं तिने कशी चढली ते पायांनाच ठाऊक. डोक्यात एकच: त्याला काय सांगायचं? दोनच वळणं राहिली होती रे. थांबवून ठेवते म्हटलं होतं आणि मीच बघत बसले. की काही बोलायचंच नाही, आणि ठकी पुन्हा चालली की त्यालाच पहिलं पाऊल म्हणू द्यायचं?

तो शिडी उतरून खाली उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने ठकीला उचललं, तिच्या टोपीत नाक खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. ठकीने त्याची दाढी ओढून बघितली, खरी निघाली.

"ऐक ना," ही म्हणाली. "एक सांगायचंय."

"मी पाहिलं."

तेव्हा कुठे तिला त्याच्या गळ्यातली मोठी दुर्बीण दिसली.

"सकाळपासून तुझ्यावरच लावून बसलोय. इतकी हळू येत होतीस, की मध्ये वाटलं थांबलीस की काय. मग खरंच थांबलीस." त्याने ठकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तू हात पुढे केलास ना, मी वरून केवढ्यांदा ओरडलो, धरू नकोस म्हणून!"

"मला नाही ऐकू आलं."

"मलाही नाही. इतकं जवळ दिसत होतं, तिच्या मोज्यावरचा डागसुद्धा. पण आवाज काहीच नाही." त्याने ठकीला घट्ट धरलं. "कसं वाजलं गं ते पाऊल?"

तिने जरा विचार केला. मग सायकल मनोऱ्याला टेकवली, चप्पल काढली आणि अनवाणी पाय खडीवर ठेवून टाचेवर अगदी सावकाश भार टाकला.

"असं," ती म्हणाली. "पण याहून खूप बारीक."

तो डोळे मिटून उभा राहिला.

"पुन्हा कर," तो म्हणाला.